दोघांचा उशीर

कुंभारडोह प्रकल्पावर भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हेमांगी सामंतला पगार मिळायचा तो भांडण्याचाच.

तिचं पद होतं कमर्शियल मॅनेजर. हे पद म्हणजे नेमकं काय, ते तिच्या सासूबाईंना आजवर कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर कंपनीतल्या निम्म्या लोकांनाही कळलं नव्हतं. मोठं बांधकाम म्हटलं की दोन पक्ष आले, एक काम करवून घेणारा आणि एक करणारा. मध्ये जाडजूड करार. इंजिनिअर मंडळी डोंगर फोडतात, पूल उभारतात. पण डोंगर नकाशात होता तसा आतून निघाला नाही, तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, वाढीव मुदत किती, चूक कुणाची, हे सगळं कमर्शियल मॅनेजरनं लढायचं. साइटवरचे लोक तिला हेड ऑफिसची हेर समजत आणि हेड ऑफिसवाले म्हणत, ही साइटवाल्यांना सामील आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते काही खोटं नाही. काम वेळेत झालं की हार इंजिनिअरच्या गळ्यात, आणि अडलं की "करार कुणी केला होता?" म्हणून बोटं हिच्याकडे.

तरी तिला हे काम आवडायचं. चांगल्या भांडणात एक मजा असते, फक्त समोरचा माणूस तोलामोलाचा लागतो. तो तिला मिळाला होता. श्रीरंग टिपणीस, समोरच्या वीज कंपनीचे कमर्शियल मॅनेजर. पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक लिहायला आणि दुसरं समोरच्यावर रोखायला. कुंभारडोहच्या आधी तीन प्रकल्पांवर दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांचं रक्त आटवत आले होते.

एका खाडीपुलाच्या वेळी टिपणिसांकडून नकाशे उशिरा आले, आणि नेमकं त्याच महिन्यात हेमांगीच्या कंपनीचं पोलादही उशिरा पोचलं. दोघांनी एकमेकांवर आगपाखड करणारी पत्रं लिहिली. शेवटी खाडीकाठच्या टपरीवर कांदाभजी खाता खाता टिपणीस म्हणाले, "सामंतबाई, दोघांनी एकाच वेळी उशीर केला, तर तो कुणाचाच उशीर नाही. मुदत वाढते, पण कुणी कुणाकडे काही मागायचं नाही. जुना नियम आहे. लिहून टाकू या?" तसं लिहून टाकलं. भज्यांवरून मात्र पुढे अर्धा तास वाद चालला.

पत्रं कडक लिहायची हा दोघांचा धर्मच होता. प्रत्येक तडजोडीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे: 'हा विषय ज्ञात-अज्ञात सर्व परिणामांसह कायमचा मिटला आहे.' ही ओळ नसली तर दोघांच्याही साहेबांना घास गोड लागत नसे. पण पत्र गेलं की संध्याकाळी टिपणिसांचा फोन यायचा. "लिहिलंय खरं कायमचं मिटलं म्हणून. पण पाया खचलाच, तर पत्र पाठवत बसू नका. आधी फोन करा." दोनदा तशी वेळ आली होती. दोन्ही वेळा एकाच फोनवर काम भागलं आणि मिटलेला विषय गुपचूप उघडून नीट करून पुन्हा बंद झाला. असल्या गोष्टी काही कुणी लिहून ठेवत नाही.

मग 'सहमती' आली.

पूर्वी मोठ्या कामातले वाद मिटायला वर्षं लागायची. पूल खुला होऊन त्यावर खड्डेसुद्धा पडायचे आणि तो बांधतानाच्या उशिराचं प्रकरण लवादापुढे चालूच असायचं. सहमतीनं हे चित्र पालटून टाकलं. तिची कल्पना तशी सोपी होती. सगळा प्रकल्प आधी संगणकात जसाच्या तसा उभा करायचा: डोंगर, त्यातले खडकांचे थर, यंत्रं, माणसं, पाऊस, सिमेंटचे ट्रक. मग त्याचं भविष्य लाखो वेळा पुढे पळवून पाहायचं. कधी पंप बिघडतो, कधी दरड येते, कधी पोलाद घाटात अडकतं. ज्या ज्या भविष्यात दोन पक्षांचं वाजतं ती बाजूला काढायची. आणि दोन कृत्रिम बुद्धी, एक मालकाची आणि एक कंत्राटदाराची, तो वाद घडण्याआधीच आपसांत मिटवून टाकणार. अमुक झालं तर तुम्ही इतकं सोसा, तमुक झालं तर आम्ही इतकी मुदत देतो. चहाचा कप संपेपर्यंत शेकडो तोडगे. शिवाय प्रत्येक तोडगा दुसऱ्याला बांधलेला. इथे मी नमतं घेतलं, कारण तिथे तू घेतलंस. त्यामुळे एक टाका ओढला की अख्खी गोधडी उसवणार, म्हणून ओढायची कुणाची छाती होत नसे.

या बुद्धींना भांडायला शिकवलं होतं माणसांच्या भांडणांवर. हेमांगीच्या कंपनीनं तिची सगळी पत्रं दिली, वीज कंपनीनं टिपणिसांची. वर एक नियम केला: दोन्ही बाजूंच्या कमर्शियल मॅनेजरनी प्रकल्प संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. माणसं मध्ये बोलली की बुद्धींचे अंदाज बिघडतात म्हणे. साइटवर सहमतीला कुणी सहमती म्हणत नसे, सगळे तिला 'मांडवली' म्हणत. हेमांगीला आता एवढंच काम उरलं होतं की महिन्यातून एकदा सगळ्या तोडग्यांवर अंगठा टेकवायचा. पूर्वी अंगठा टेकवणाऱ्याला अडाणी म्हणत, आता त्याला मॅनेजर म्हणतात, असं ती कुणी विचारलं तर सांगायची. फारसं कुणी विचारत नसे.

*

"मॅडम, पाणी आहे का?"

उत्तम बाबर तिच्या कंटेनरमधल्या ऑफिसात बुटांच्या चिखलासकट आले. बाबर प्रकल्पाचे प्रमुख, साताऱ्याकडचे, बोगद्यांत आयुष्य घालवलेले इंजिनिअर. कागदवाल्या लोकांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं आणि ते लपवायची त्यांना सवयही नव्हती.

हेमांगीनं बाटली पुढे केली.

"प्यायला नको ओ. ग्लासात ओता."

तिनं पाणी ओतलं. बाबरांनी खिशातून विटेसारखा तांबडा दगडाचा तुकडा काढला, टेबलावर आपटून दाखवला आणि ग्लासात सोडला. "आता चहा सांगा. चहा होईस्तोवर बघत बसा."

कुंभारडोहला डोंगराच्या पोटात वीजघर कोरलं जात होतं. दुपारी उन्हाची वीज मुबलक असते, तेव्हा खालच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तलावात चढवायचं आणि दिवेलागणीला ते खाली सोडून वीज करायची, असा तो प्रकल्प. वीजघराच्या पोकळीपर्यंत जायला एकच प्रवेश-बोगदा होता. डंपर, माणसं, जेवणाचे डबे, सगळं त्यातूनच आत जायचं.

"सह्याद्री म्हणजे थरावर थर," बाबर सांगू लागले. "लाव्हा आला, थंड झाला. मग हजारो वर्षं काही नाही. तेवढ्यात वरची कातडी उन्हापावसानं कुजली, माती झाली. मग पुन्हा तापलेला लाव्हा आला, आणि ती माती भाजून विटेगत लाल झाली. तो हा तांबडा पट्टा. डोंगरात बंद आहे तोवर दगड. आपण बोगदा काढला, त्याला हवा दाखवली, ओल दाखवली की फुगतो आणि त्याचा भुगा होतो."

"हे सहमतीला माहीत आहे की. पट्ट्याचा तोडगा मागेच झालाय."

"झालाय ना! म्हणून तर तुमच्याकडं आलोय." बाबरांचा आवाज चढला. "पट्टा बोगद्याच्या छतात आहे, आणि वरचा काळा खडक त्याच्यावर टेकलाय. तोडग्यात बसतात तेवढे आखूड बोल्ट मी ठोकलेत. पण हातोडा मारला की चांगला दगड कसा ठणठण वाजतो, तिथं बद्द वाजतंय. मागच्या आठवड्यात वीतभर जागा वाजत होती, आज दोन पावलं वाजतीय."

"सेन्सर काय म्हणतात?"

"मर्यादेत. सेन्सर तीन, तिन्ही खाली भिंतीत. छतात एक नाही. किती बसवायचे तेपण मांडवलीनंच ठरवलंय ना."

"मग काम थांबवा. तो अधिकार तुमचा आहे."

"चार पाळ्या वाहतूक बंद पाहिजे. लांब बोल्ट, जाळी, वर सिमेंटचा फवारा. सामान माझ्याकडं पडलंय. पण मी थांबवलं की तोडगा मोडला, आणि तो मोडला की सगळेच मोडले. संध्याकाळपर्यंत माझ्या खुर्चीत दुसरा बसंल आणि गाड्या सोडंल. पाळीला साठ माणसं जातात त्या छताखालनं, मॅडम. मला दगड कळतो, कागद कळत नाही. तुम्ही कागदवाल्या. काढा की काहीतरी वाट."

चहा आला. ग्लासात दगड राहिला नव्हता, तळाशी तांबडा गाळ बसला होता.

*

तिनं सहमतीला लिहिलं. पट्ट्याबद्दल नवी माहिती हाती आली आहे, तोडगा पुन्हा उघडावा. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. 'आपण कळवलेली माहिती तोडग्याच्या वेळी विचारात घेतलेली होती.'

तिनं लिहिलं, छत कोसळण्याचा धोका आहे.

'छत कोसळण्याची शक्यता गृहीत धरूनच मुदत व भरपाई ठरवलेली आहे.'

तिनं लिहिलं, माणसं मरतील.

'जीवितहानीच्या शक्यतेचाही त्यात समावेश आहे. हा विषय ज्ञात-अज्ञात सर्व परिणामांसह कायमचा मिटला आहे.'

हेमांगीनं ते पुन्हा वाचलं. यंत्र काही निर्दय नव्हतं, निर्दय व्हायलाही थोडं काळीज लागतं. त्याच्या लेखी छत कोसळणं म्हणजे लाखो भविष्यांतलं एक भविष्य, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मान्य केलेली. पूर्वी छत पडलं तर भांडण होईल, आपण अडकू, या भीतीनं दोन्हीकडचे लोक छताकडे डोळे लावून बसायचे. आता भांडणच मिटलेलं. ज्याची किंमत आधीच ठरली, त्याची काळजी कशाला कोण करेल?

आणि ती शेवटची ओळ तर तिचीच होती. शब्द न् शब्द तिचा. पुढे मालकाच्या बुद्धीचं उत्तर आलं, त्यात टिपणिसांचं 'सबब आपली विनंती अमान्य' होतं. यंत्रांनी दोघांची पत्रं मन लावून वाचली होती आणि त्यातून दोघांचा कडकपणा तेवढा उचलला होता. संध्याकाळचे फोन कुठल्या फायलीत असणार? ते त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

"मेल्या!" ती पडद्याला म्हणाली. पडद्यानं विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का?

मुंबईला तिचे साहेब आलोक बर्वे यांना तिनं फोन लावला. बर्वे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि सगळ्यांशी फार गोड बोलणारे.

"हेमांगी मॅडम, तुमची तळमळ मला पोचते. पण सेन्सर मर्यादेत आहेत ना?"

"सेन्सर चुकीच्या जागी आहेत."

"जागा दोन्ही बाजूंनी मान्य केलेली आहे. तुमचाच अंगठा आहे त्यावर."

"माझा अंगठा आहे म्हणूनच सांगतेय. चार पाळ्या द्या."

"चार पाळ्यांचा प्रश्न नाहीये. तोडगा मोडला की तीनशे विषय उघडतील. कंपनी बुडेल. एका पट्ट्यासाठी कंपनी बुडवायची का?"

"आणि छत पडलं तर?"

"तर त्याची तरतूद आहे," बर्वे म्हणाले, तेही अगदी गोड आवाजात. तिला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पण फोन कंपनीचा होता, आणि फेकला असता तर त्याचीही कुठेतरी तरतूद असणारच.

तिनं सुरक्षा अधिकाऱ्याला पकडलं. त्यानं सेन्सरचे आकडे दाखवले. तिनं कामगारांच्या प्रतिनिधीला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, आमचाबी तोडगा झालाय." प्रत्येक दारावर तीच पाटी. तिनं कपाळावर हात मारून घेतला. वीस-बावीस वर्षं ती ज्या शब्दांच्या भिंती बांधत आली, त्यातली प्रत्येक भिंत आता तिलाच आडवी येत होती.

शेवटी रात्री तिनं नियम झुगारला आणि टिपणिसांना फोन केला. चौथ्या रिंगला त्यांनी उचलला.

"टिपणीस, ऐका..."

"सामंतबाई, हा फोन मी घेऊ शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," टिपणीस म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिला रडू नाही आलं, संताप आला. तीन प्रकल्प एकमेकांची भजी उष्टावलेला माणूस, आणि एक वाक्य ऐकून घेण्याची हिंमत नाही! "तोही यंत्रच झाला मेला," ती मोठ्यानं म्हणाली. सकाळ होताच तिनं गळ्यातला टॅग काढला, टेबलावर त्या तांबड्या गाळाच्या ग्लासाशेजारी ठेवला आणि डोक्यावर हेल्मेट चढवून बाहेर पडली.

*

बोगद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात टॅग असे. आत कोण आहे, कुठे आहे, हे त्यावरून कळायचं. टॅग नसलेला माणूस आत दिसला की सगळी वाहनं आपोआप थांबत आणि तो बाहेर जाईपर्यंत हलत नसत. त्याला इलाज नव्हता. तो कायदा होता, आणि त्याच्यावर तोडगा करायला कायद्यानंच बंदी होती.

हेमांगी सकाळच्या पाळीबरोबर चालत आत गेली. तांबड्या पट्ट्याच्या अलीकडे, चांगल्या काळ्या खडकाखाली एक रिकामा पिंप पालथा घालून ती त्यावर बसली. एकामागून एक डंपर जागच्या जागी थांबले. भोंगा वाजला, दिवे पिवळे झाले, आणि बाबर धावत आले.

"मॅडम! टॅग कुठाय?"

"ऑफिसात राहिला."

"बाहेर चला."

"पायात गोळा आलाय. चालता येत नाही." ती त्यांच्याकडे रोखून पाहत म्हणाली. "वाहतूक तर बंदच आहे, बाबर. बंद असताना छताची डागडुजी करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागते का?"

बाबरांनी एकदा छताकडे पाहिलं. मग वळून ओरडले, "ए, ड्रिल मशीन ढकलत आणा पुढं! लांब बोल्ट काढा!" जाता जाता ते मागे वळले. "कागदातनं वाट काढा म्हणलं होतं मी, मॅडम. तुम्ही स्वतःच आलात होय."

छतात पहिलं भोक पडायच्या आतच सहमतीनं नवा वाद नोंदवला. वाहतूक बंद, कारण: कंत्राटदाराच्या कमर्शियल मॅनेजरचा विनापरवाना प्रवेश. उशीर कंत्राटदाराचा. दंड तासागणिक वाढता. लाखो भविष्यांत सगळं पाहिलेल्या त्या बुद्धीनं हे एक भविष्य पाहिलं नव्हतं की कुणी कमर्शियल मॅनेजर रुसलेल्या पोरासारखी बोगद्यात जाऊन बसेल. पण नवा वाद दिसला की लगेच त्याचा दोष ठरवायला तिला शिकवलं होतं, आणि दोष उघड होता.

साइट ऑफिसनं बाबरांच्या वॉकीटॉकीवर मुंबईहून बर्वेंना जोडून दिलं. त्यांचा गोडवा संपला होता. "त्यांना उचलून बाहेर काढा. दुपारपर्यंत काढलं नाही तर तुम्हीही घरी बसा, बाबर."

बाबरांनी वॉकीटॉकी खाली केला. पहिली पाळी संपत आली होती आणि छताचा चौथा हिस्साही झाला नव्हता. ते हेमांगीजवळ येऊन नुसते उभे राहिले. तिला कळलं. आपण दमलो आहोत, आणि एवढं करूनही पुरत नाही, हेही तिला कळलं. तिचा हट्ट एका पाळीचा होता, छताची गरज चार पाळ्यांची होती.

"दुपारपर्यंत जेवढे होतील तेवढे ठोका," ती म्हणाली.

तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाकडून कुणीतरी चालत येताना दिसलं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, डोक्यावर दोन मापं मोठं हेल्मेट.

"सामंतबाई," टिपणीस धापा टाकत म्हणाले, "तुम्ही मला पुष्कळ वैताग दिलात आजवर. पण एवढं चालायला नव्हतं लावलंत कधी."

"तुम्हाला कुणी बोलावलंय? तुम्ही तर फोनही घेत नाही!"

"घेतला असता आणि आपण बोललो असतो, तर तोच नियमभंग धरून त्यांनी सगळं तुमच्या गळ्यात घातलं असतं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "आणि बोलायचं काय होतं? तुमचा फोन आला म्हणजे पाया खचलाय. एवढं मला कळतं. फोन ठेवला आणि गाडी काढली. पुण्याहून निघालो, रात्रभर घाटात ट्रक आडवा, म्हणून उशीर."

काल त्यांना वाहिलेली सगळी लाखोली हेमांगीला आठवली.

टिपणिसांनी छताकडे पाहिलं, तांबड्या पट्ट्याकडे पाहिलं, बाबरांनी हातोडा मारून दाखवला तो बद्द आवाज ऐकला. मग गळ्यातला टॅग काढून बाबरांच्या हातात दिला. "हा बाहेर नेऊन ठेवा. मी आता विनापरवाना आहे." त्यांनी दुसरा पिंप ओढला, आधी रुमाल पसरला आणि वर बसले.

"वेड लागलंय तुम्हाला?" हेमांगी म्हणाली. "नोकरी जाईल."

"तुमचीही जाणारच आहे. एकट्या बसलात तर उशीर तुमच्या कंपनीचा. मीही बसलो तर उशीर दोघांचा. आणि दोघांचा उशीर..."

"कुणाचाच उशीर नाही," हेमांगी पुटपुटली.

"ते एक आपण लिहून ठेवलं होतं, बाई. आठवतं ना? मऊ म्हणावं असं तेवढंच लिहिलं आपण जन्मात."

बाबरांच्या हातातल्या टॅबलेटवर सहमतीची अक्षरं बदलली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. 'दोन्ही पक्षांचा एकाच वेळचा विलंब. जबाबदारी समान. परस्पर दावे: काही नाहीत. मुदतवाढ: प्रत्यक्ष थांबेल तितकी.' थोड्या वेळानं वॉकीटॉकीवर पुन्हा बर्वे आले. गोडवा परतला होता. "कंपनीला काही झळ बसत नसेल, तर बसू द्या त्यांना."

मग बाबरांनी छत धरलं. लांब बोल्टांसाठी भोकं पाडली तेव्हा त्यातून तांबडं पाणी धो धो आलं, आणि एका ठिकाणी ड्रिलचा दांडा लोण्यात गेल्यासारखा आत गेला. जाळी लागली, सिमेंटचा फवारा बसला. तोवर पिंपांवर बसलेले दोघं खाडीपुलाच्या नकाशांवरून पुन्हा नव्यानं भांडत होते. टिपणिसांचं म्हणणं, नकाशे वेळेत निघाले होते. हेमांगीचं म्हणणं, निघाले असतील, पोचले नव्हते. जेवणाचे डबे आले तेव्हाही वाद मिटला नव्हता, आणि तो मिटावा असं दोघांपैकी कुणालाही वाटत नव्हतं.

*

चौकशीचा अहवाल चार ओळींचा होता. छत पडलं नाही, सेन्सर शेवटपर्यंत मर्यादेत होते, सबब थांबण्याचं कारण आढळत नाही. हेमांगी आणि टिपणीस दोघांनाही विनापरवाना प्रवेशाबद्दल कामावरून कमी केलं गेलं. पडलेल्या छताचे ढिगारे सगळ्यांना दिसतात, न पडलेलं छत कुणाला दाखवणार? हेमांगीनं बर्वेंना तांबड्या पाण्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तळमळ पोचते मॅडम," आणि तिचं निरोपाचं फूल ऑफिसच्या शिपायाबरोबर पाठवून दिलं.

महिन्याभरानं तिला बाबरांचा फोन आला.

"मॅडम, मांडवलीनं नवं कलम घातलंय. वाचू? 'दोन्ही पक्षांच्या कमर्शियल मॅनेजरना बोगद्याच्या परिसरात कायमची प्रवेशबंदी.'"

हेमांगी हसली, पण ते हसू फार कडवट होतं. एवढं सगळं होऊन यंत्र एवढंच शिकलं होतं.

"हसू नका ओ," बाबर म्हणाले. "वरच्या बोगद्यात अजून एक तांबडा पट्टा लागलाय. पहिल्यापेक्षा जाड. तोडगा झालेला आहे, सेन्सर मर्यादेत आहेत. तुमच्या जागी जो आलाय त्याला मी सांगितलं, तर तो म्हणतो, विषय मिटलेला आहे. आता मी काय करू?"

ती उठून खिडकीपाशी गेली. हातात काही उरलं नव्हतं, ना पद, ना टॅग, ना अंगठा. पुन्हा तेच सगळं, आणि या वेळी तिला दारातही उभं करणार नव्हते. तिनं "थांबा जरा" म्हणून बाबरांना धरून ठेवलं आणि टिपणिसांनाही त्याच संभाषणात जोडायला फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

तिनं सगळं सांगितलं.

"बाई, कलम कमर्शियल मॅनेजरबद्दल आहे ना? इंजिनिअरबद्दल काही लिहिलंय?"

"नाही."

"आमच्या बाजूचा इंजिनिअर कोण आहे आता वर?"

"वालावलकर म्हणून आहे," बाबर मध्येच म्हणाले. "माणूस शहाणा आहे, पण महातोंडाळ. रोज उठून मला पत्रं लिहितो. मी पण सोडत नाही त्याला."

"फारच चांगलं. दोन इंजिनिअर एकाच दिवशी टॅग विसरले, तर तोही दोघांचाच उशीर," टिपणीस म्हणाले. "सामंतबाई, तुम्हीच सांगा त्यांना."

तिच्या साऱ्या आयुष्याची विद्या तिला कुणाला शिकवायची वेळ आजवर आली नव्हती, आणि आज ती दोन-तीन वाक्यांत मावत होती.

"बाबर, वालावलकरांशी भांडणं चालू ठेवा," ती म्हणाली. "पत्रं चांगली कडक लिहा. आणि आज संध्याकाळी त्यांना फोन करा."